दोन बेल्ट जळाले म्हणून सेकंडरी क्लच बदलायचा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कॅनडात, ऑन्टारिओतल्या सडबरीजवळ राहता. अल्बर्टाहून आलेली जुनी ६०० सीसी, दोन-स्ट्रोक, बटण दाबून रिव्हर्स जाणारी स्लेड, म्हणजे रबरी पट्ट्यावर (ट्रॅकवर) बर्फात धावणारी स्नोमोबाइल, घेतलीत. एकाच हिवाळ्यात दोन बेल्ट जळाले. वळणावर रेस सोडून पुन्हा दिली की इंजिन क्षणभर दबतं आणि मग एकदम उसळतं. शिवाय नुसतं आयडलला उभं असतानाही गाडी हळूच पुढे सरकते. दुकानदाराने वरवर बघून ‘सेकंडरी क्लच गेला’ म्हणून सांगितलं. ऑनलाइन एक वापरलेला क्लच स्वस्तात मिळतोय आणि तो घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बसवता येईल का, असं तुम्ही विचारताय.

बसवता येईल. या गाडीत उतरवायला त्याच्याइतके सोपे भाग फार थोडे. प्रायमरी क्लच, म्हणजे इंजिनकडची पुली, क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर आवळून बसलेला असतो, तो काढायला त्या मॉडेलचाच पुलर लागतो. सेकंडरी, म्हणजे ट्रॅककडे जोर देणारी मागची पुली, मात्र एका बोल्टवर उतरतो. अडचण पुढची आहे. तुमच्या तीन तक्रारींपैकी सेकंडरीकडे सरळ बोट दाखवणारी एकच आहे, पुन्हा रेस देताना दबण्याची. बाकीच्या दोघींची कारणं बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतात. ती तशीच ठेवून क्लच बदललात तर तिसरा बेल्टही जळेल.

मी कोल्हापूरला स्कूटर उघडत हे काम शिकलो आणि आता उत्तर ऑन्टारिओत हिवाळाभर स्लेडच उघडतो. ॲक्टिव्हाचं व्हेरिएटर ज्याने एकदा उघडलंय त्याला स्लेडचा क्लच परका वाटत नाही: पुढे पुली, मागे पुली, मध्ये व्ही-बेल्ट. फरक एकच, पण तो महत्त्वाचा. स्कूटरला इंजिन चालू झालं की बेल्ट फिरायलाच लागतो आणि क्लचचे शू मागच्या पुलीपाशी असतात. स्लेडला वेगळा क्लच नाहीच. आयडलला प्रायमरीच्या दोन तबकड्या इतक्या लांब असतात की बेल्ट त्यांच्यामध्ये सैल उभा राहतो. आरपीएम साडेतीन-चार हजारांवर गेले की प्रायमरीतली वजनं बाहेर फेकली जातात, फिरती तबकडी आत ढकलली जाते, बेल्ट चिमटीत सापडतो आणि गाडी हलते. म्हणजे आयडलला गाडी सरकतेय याचा अर्थ बेल्ट प्रायमरीला चिकटून फिरतोय.

का फिरतोय? आयडल जास्त ठेवलाय, प्रायमरी घाणीने अडकून पुरती उघडत नाही, किंवा बेल्ट ताणलेला आहे. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय ताणावर. नवा बेल्ट जुन्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे तो सेकंडरीत वर बसतो आणि सैलपणा कमी होतो. बेल्ट बदलला की ताण पुन्हा लावायचा असतो आणि हे बरेच जण करत नाहीत. सरकणं नव्या बेल्टनंतर सुरू झालं का, हे आठवून बघा. तपासायला दोन्ही क्लचवरून बेल्टच्या पाठीवर एक सरळ पट्टी ठेवा आणि मध्यावर बेल्ट खाली दाबा. बऱ्याच मॉडेलना साधारण सव्वा इंच, आपल्या मिस्त्रीच्या भाषेत दहा सूत, खाली जायला हवा. काही कंपन्या त्याऐवजी सेकंडरीच्या कडेपेक्षा बेल्ट किती वर दिसतो ते धरतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. कुठे ॲडजस्टर असतो, कुठे तबकड्यांमधले शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करावे लागतात. मोजण्याआधी सेकंडरी हाताने चार-सहा वेळा फिरवा, म्हणजे बेल्ट आपल्या जागी बसेल.

आता सेकंडरी. त्याचं काम समजलं की त्याचं दुखणं कळायला सोपं जातं. त्यातली एक तबकडी जॅकशाफ्टला (सेकंडरी ज्यावर बसतो त्या दांड्याला) पक्की, दुसरी सरकणारी. सरकणाऱ्या तबकडीला मागून स्प्रिंग रेटते आणि तिच्या पाठीवरची बटणं (घसरणारे छोटे तुकडे) किंवा रोलर हेलिक्स नावाच्या तिरक्या उतारावर टेकलेले असतात. वेग वाढतो तसा प्रायमरीत बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तर वाढत नाही, म्हणून इकडे तो सेकंडरीच्या तबकड्या फाकवत खाली उतरतो. हा झाला अपशिफ्ट. मग समोर चढ आला किंवा भुसभुशीत बर्फ लागला. ट्रॅक जड झाला, जॅकशाफ्ट अडू लागला, पण बेल्ट ओढतोच आहे. त्या ओढीने सरकणारी तबकडी थोडी पुढे फिरते, उतारावरून सरकते आणि बेल्टवर आणखी आवळली जाते. सरकफासाला जितकं ओढावं तितका तो घट्ट होतो, तसंच हे. बेल्ट पुन्हा वर चढतो, गिअर कमी झाल्यासारखं होतं आणि इंजिन आपल्या आरपीएमवर टिकतं. ६०० सीसी दोन-स्ट्रोकला तो आकडा ८,००० च्या आसपास असतो. हा बॅकशिफ्ट.

तुम्ही रेस सोडून परत देता तेव्हा इंजिन दबतं, कारण बॅकशिफ्ट वेळेवर होत नाही. टॉप गिअरमध्ये चढाला लागल्यासारखी गाडीची अवस्था होते. स्प्रिंग थकलेली असेल, बटणं झिजून तबकडी हेलिक्सवर अडखळत असेल, किंवा आतला बुश गेल्यामुळे ती तिरकी होऊन अडकत असेल. किंवा आधीच्या मालकाने जास्त कोनाचा हेलिक्स घातला असेल. कोन मोठा तर आवळ कमी, अपशिफ्ट झटपट आणि बॅकशिफ्ट आळशी. कोन लहान तर याच्या उलट. हेलिक्सवर कोन कोरलेला असतो. ४४-४० असे दोन आकडे दिसले तर सुरुवातीला ४४ अंश आणि पुढे ४० पर्यंत उतरणारा. कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या आकड्याशी तो ताडून पाहा.

अल्बर्टाचा मुद्दा इथे येतो. गाडी तिथल्या डोंगरात दोन हजार मीटरवर चालवली असेल तर तिचं क्लचिंग त्या उंचीचं असणार. दोन-स्ट्रोक इंजिन दर तीनशे मीटरला अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणून तिथे प्रायमरीत हलकी वजनं घालतात, कधी हेलिक्स आणि चेनकेसचे (जॅकशाफ्टवरून ट्रॅकला जोर देणाऱ्या साखळीच्या पेटीतले) दातेही बदलतात. सडबरी जेमतेम तीनशे मीटरवर. तीच गाडी इथे आरपीएमची मर्यादा ओलांडू लागते. पूर्ण रेसवर आकडा कंपनीने सांगितल्यापेक्षा बराच वर जात असेल तर सेकंडरीला दोष देऊ नका, आधी प्रायमरीतली वजनं बघा. उंचीप्रमाणे काय घालायचं त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतोच, आणि बऱ्याच गाड्यांत बॉनेटच्या आत किंवा बेल्टगार्डवरही चिकटवलेला असतो.

जळालेले बेल्ट फेकले नसाल तर पान्हा उचलण्याआधी ते घेऊन उजेडात बसा. माझ्यापुरतं सांगतो, गिऱ्हाईक जुना बेल्ट घेऊन आला की माझं निम्मं काम होतं. एकाच जागी बेल्ट खाल्ल्यासारखा बारीक झालाय आणि बाकी चांगला आहे? मग प्रायमरी फिरत होती आणि ट्रॅक अडला होता. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे रात्री ओल्या बर्फात उभी केलेली गाडी. सकाळी ट्रॅक जमिनीला गोठलेला असतो, चालवणारा रेस देत राहतो आणि बेल्ट त्याच जागी भाजतो. त्यात कुठल्याच क्लचचा दोष नाही. गाडीचा मागचा भाग दांडीला धरून उचलायचा, दोन-तीनदा आपटायचा, ट्रॅक सुटला की मगच निघायचं.

एकाच बाजूची कड झिजून दोरे निघालेत? मग दोन क्लच एका रेषेत नाहीत. दोन्ही बाजू काचेसारख्या गुळगुळीत, चमकदार? बेल्ट घसरत होता: तबकड्यांवर तेल-ग्रीस, थकलेली स्प्रिंग किंवा खाचा पडलेल्या तबकड्या. आतले दाते तुटून पडलेत? बेल्ट चुकीच्या नंबरचा आहे, किंवा उणे पंचवीसमध्ये थंडगार असतानाच जोरात पळवलाय. रबर अशा थंडीत कडक होतं, पहिले काही किलोमीटर त्याला सांभाळूनच घ्यावं लागतं.

बाहेर फिरून आल्यावर आणखी एक तपासणी फुकटात होते. इंजिन बंद करा, किल्ली काढा, गार्ड उघडा आणि दोन्ही क्लचना हात लावा, आधी लांबून जपूनच. कोमट ठीक. हात टेकवता येत नसेल तर कुठेतरी घसरण आहे, आणि जो क्लच जास्त तापलाय त्याच्यात ती आधी शोधायची.

रेषेबद्दल थोडं विस्ताराने, कारण बेल्ट खाणारी जी वापरलेली गाडी माझ्याकडे येते तिचं कारण पुष्कळदा इथेच निघतं. दोन क्लचच्या तबकड्या समांतर हव्यात आणि एकमेकींपासून ठरलेल्या अंतराने पुढे-मागे हव्यात. हे मोजायला मॉडेलप्रमाणे अलाइनमेंट बार मिळतो, तो कुणाकडून मागून आणा. पण गाडी उभी असताना रेष बरोबर दिसते आणि जोर लागला की बिघडते, असंही होतं. इंजिनचं रबर माउंट फाटलं असेल किंवा टॉर्क स्टॉप (इंजिनला सरकू न देणारा अडसर) झिजला असेल, तर पूर्ण रेसवर बेल्ट इंजिनलाच मागे सेकंडरीकडे ओढतो आणि तिरकं करतो. एका लांब पहारीने इंजिन मागे-पुढे रेटून पाहा, अशा अंदाजाने की केसिंगवर जोर येणार नाही. माउंटच्या रबरात भेग उघडताना दिसेल. तसंच सेकंडरीला दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जॅकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर क्लच डुगडुगतो आणि दुकानात पाच मिनिटांत ‘क्लच गेला’ हे निदान होतं. तिथे बेअरिंग बदलायचं असतं, क्लच नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी जुने बेल्ट वाचा, मग ताण, मग रेष, माउंट आणि जॅकशाफ्टचं बेअरिंग. या सगळ्यांतून सुटलात की सेकंडरी उतरवा.

उतरवताना किल्ली काढून ठेवा आणि टेदरही (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) काढा. बेल्टवरच्या अक्षरांची दिशा पाहून ठेवा, तो परत त्याच दिशेने चढवायचाय. जुन्या बटणाच्या क्लचला सरकणारी तबकडी हाताने आत दाबून फिरवली की तबकड्या फाकतात. नव्या गाड्यांना हत्यारपेटीत त्यासाठी स्क्रू किंवा वाकडी दांडी दिलेली असते. बेल्ट ढिला पडला की आधी सेकंडरीवरून आणि मग प्रायमरीवरून काढा. पार्किंग ब्रेक लावला की जॅकशाफ्ट फिरत नाही आणि मधला बोल्ट सुटतो. आता हात आवरा. बोल्टमागचे आणि क्लचच्या आतल्या बाजूचे वॉशर-शिम ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा आणि फोटो काढा. आतले शिम रेष ठरवतात आणि बाहेरचे क्लचला शाफ्टवर किती सरकू द्यायचं ते ठरवतात. काही मॉडेलना थोडा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, काहींत क्लच पक्का आवळायचा असतो. ‘थोडा हलतोय’ म्हणून जास्तीचा वॉशर घालणारे मी पुष्कळ पाहिलेत.

क्लच गंजून शाफ्टवर धरला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही हातांनी डोलवत बाहेर घ्या. तरी आला नाही तर मधल्या हबला धरणारा पुलर लावा. कडेला हातोडी मारू नका, की स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमची कड एकदा वाकली की तो क्लच भंगारच. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करून ॲन्टी-सीझचा (धातू धरू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात फिरवा, तबकडीला तो लागणार नाही याची काळजी घेऊन.

उघडताना चष्मा लावा. हेलिक्सखाली स्प्रिंग दाबलेली आणि पिळलेलीही असते. हेलिक्स एका हाताने दाबून धरल्याशिवाय सर्कलिप किंवा शेवटचा स्क्रू काढू नका. त्याही आधी स्प्रिंगची टोकं कुठल्या भोकांत आहेत ते टिपून घ्या. एका बाजूला अंक, दुसऱ्या बाजूला अक्षरं असतात, उदाहरणार्थ ‘बी-३’. या एका भोकाच्या फरकाने बॅकशिफ्ट बदलतो. बटणं झिजून तबकडीचं ॲल्युमिनियम हेलिक्सला लागायच्या बेताला आलं असेल तर बटणांचा पूर्ण संच बदला, किरकोळ पैशांचं काम आहे. रोलर असतील तर ते सपाट झालेत का पाहा. स्प्रिंग न घालता सरकणारी तबकडी हबवर चढवा आणि दोन कडांना धरून डुलवा. ठळक डुलत असेल तर बुश गेला. तो दाबून काढून नवा बसवता येतो, फक्त त्याला प्रेस किंवा नीट मापाचा ठोकळा लागतो. मग नखाने तबकडीच्या उतारावरून आतून बाहेर ओरखडा मारा. नख जिथे अडतं तिथे खाच आहे. हलकी असेल तर स्कॉच-ब्राइट आणि ब्रेक क्लीनरने भागतं. तबकड्यांना तेल, ग्रीस, सिलिकॉन काहीही लावायचं नाही.

हे सगळं उघडल्यावर माझा अंदाज असा की तुमचं काम स्प्रिंग, बटणं आणि कदाचित बुश यांवर भागेल. पूर्ण क्लच मी कधी बदलतो? तबकडीला भेग असेल, खाच खोल असेल, कड वाकलेली असेल, किंवा हबला शाफ्टवर फिरू न देणारे स्प्लाइन (आतले खाचेदार दाते) नाहीतर चावीची (‘की’ची) खाच खाल्ली गेली असेल तेव्हा. भेग असेल तर दुसरा विचारही करत नाही. आठ हजार आरपीएमला तिचे तुकडे कुठे जातील याचा नेम नाही.

आणि तशी वेळ आलीच तर ऑनलाइन दिसणारा तो स्वस्त क्लच घेताना फोटोवर विसंबू नका. पार्ट नंबर विचारा. त्याच कंपनीच्या पुढच्या-मागच्या वर्षात शाफ्टचा व्यास, स्प्लाइन आहे का चावी, हबची लांबी आणि बेल्टची रुंदी यांतलं काहीही बदललेलं असतं. तुमच्यासाठी सगळ्यात मोठी अट रिव्हर्सची. तुमची गाडी इंजिन उलटं फिरवून मागे जाते, त्यामुळे हेलिक्सला उलट्या बाजूनेही उतार असावा लागतो. बिनरिव्हर्स गाडीचा क्लच तुमच्या शाफ्टवर हसत बसेल, पुढे छान पळेल आणि रिव्हर्स टाकलं की तबकड्या उघडून बेल्ट नुसता घसरत राहील. ज्यांचा रिव्हर्स चेनकेसमधल्या गिअरने चालतो त्यांना ही अडचण येत नाही, म्हणून त्यांचा सल्ला इथे कामाचा नाही.

बसवल्यावर बोल्टचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या, रेष आणि ताण पुन्हा तपासा. नवा क्लच म्हणजे ही दोन्ही बदलली असंच धरायचं. बेल्ट न चढवता इंजिन ‘जरा चालवून बघू’ असं अजिबात करू नका. प्रायमरीला बेल्टचा अटकाव नसला की ती खाड्कन बंद होऊन मोडते. गार्ड लावल्याशिवाय रेस देऊ नका आणि क्लचच्या रेषेत मुलांना उभं करू नका. नवा बेल्ट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून चढवा आणि पहिले पन्नासेक किलोमीटर रेस कमी-जास्त करत, पूर्ण न देता काढा. जुना पण धड असलेला एक बेल्ट आणि क्लच उघडायचं हत्यार सीटखाली ठेवा. इथल्या ट्रेलवरून जवळचा रस्ता कधी कधी तीस किलोमीटर दूर असतो.

क्लच उघडलात की हेलिक्सवरचा आकडा, स्प्रिंगचा रंग, भोकांची खूण आणि पूर्ण रेसवर दिसणारा आरपीएम लिहून कळवा. गाडीचं मॉडेल आणि वर्षही सांगा, तेवढं तुमच्या प्रश्नात राहून गेलंय. स्प्रिंग कुठली घ्यायची ते त्यावरूनच सांगता येईल.